खसऱ्यापासून सर्व्हरपर्यंत: पांढुर्णा-सौसरमधील नोंदींचा मागोवा

1956च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौसर या मराठीबहुल तहसिली ऑक्टोबर 2023मध्ये पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात एकत्र आल्या, तोवर तेथील माणसाची कागदोपत्री ओळख पटवाऱ्याच्या दप्तरातून निघून सर्व्हरवर, म्हणजे असंख्य लोकांची माहिती साठवणाऱ्या दूरच्या संगणकावर, पोहोचली होती. पूर्वी खसरा आणि ऋणपुस्तिका (सीमेपलीकडील सातबाऱ्याचे हे इकडचे भाऊबंद) घरच्या पेटीत असत, आणि ती कागदपत्रे गहाळ झाली तर निदान ते कळत असे.

या स्थित्यंतराच्या मुळाशी राज्याची ‘समग्र’ ही नोंदव्यवस्था आहे, जिच्यात कुटुंबाला आठ आणि प्रत्येक सदस्याला नऊ अंकी क्रमांक मिळतो व ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, करून तो आधारला जोडला जातो. 2023च्या ‘लाडली बहना’ योजनेसाठी ही जोडणी अनिवार्य ठरल्यावर अर्जदार स्त्रीचा अंगठा ई-केवायसी करून देणाऱ्या दुकानातील यंत्रावर, ओटीपी बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलवर आणि आधारची झेरॉक्स दुकानदाराच्या गठ्ठ्यात, अशी एकाच ओळखीची तीन ठिकाणी वाटणी होऊ लागली. नकार दिला तर महिन्याचे तेव्हाचे हजार रुपये बुडणार असल्याने या व्यवहाराला विश्वास म्हणणे धाडसाचेच ठरेल.

योजनेचा पहिला हप्ता 10 जून 2023 रोजी जमा झाला आणि दोनच दिवसांनी, कोविन या लसीकरण-नोंदणीतील नागरिकांचे तपशील टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. केंद्र सरकारने त्या निराधार ठरवून कोविन सुरक्षित असल्याचे सांगितले, पण आपली नोंद फुटली की नाही हे नागरिकाने कोणाला विचारावे, याचे उत्तर त्यातून मिळाले नाही.

कायद्याची चाल त्याहून संथ राहिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43-अ हलगर्जी कंपनीकडून भरपाई देववते, मात्र सरकारी खाती त्याच्या कक्षेबाहेर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर सहा वर्षांनी वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये निघाले, आणि माहिती फुटल्यास संबंधिताला कळवण्याचे बंधन त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहे. या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये असली, तरी ती रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारे कलम 43-अ रद्द होणार आहे, उलट क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.