चक्कर न येणारा आजार

पलंगावर पडून पुस्तक वाचायचं असलं की तो डॉक्टर आपलं डोकं उशाकडच्या दोन गजांमध्ये घट्ट रोवून ठेवायचा. तसं केलं नाही, तर नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी पानावरची अक्षरं उडायची. रस्त्यावर दुकानाची पाटी वाचायची तर आधी जागेवर थांबावं लागायचं. सांध्याच्या क्षयासाठी त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती. क्षय आटोक्यात आला, पण दोन्ही कानांतला तोल सांभाळणारा भाग कायमचा गेला. आपली ही कहाणी त्याने 1952 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापली आणि खाली नाव दिलं नुसतं 'जे. सी.'

एखादं छापील पान हातात घ्या आणि एक प्रयोग करून बघा. मान स्थिर ठेवून हे पान डावी-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं पुसट होतील. आता पान स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगाने मान हलवा. आता मात्र वाचता येतं! डोकं जिकडे वळेल त्याच्या नेमक्या उलट दिशेला डोळे वळवण्याचं काम आतला कान करतो. कानाकडून डोळ्याच्या स्नायूपर्यंत हुकूम पोचायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. नुसत्या नजरेच्या भरवशावर एवढी चपळाई जमत नाही. म्हणून कान गेला की चालताना पावलागणिक समोरची इमारत हलते.

या कानाची ओळख आपल्याला लहानपणीच होते, फुगडी थांबवल्यावर. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव. आपण थांबलो तरी तो द्रव लगेच स्थिरावत नाही. त्याच्या रेट्याने आतल्या केसपेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि अंगण फिरत राहतं. पण चक्कर नेमकी येते ती एका कानामुळे नव्हे. दोन्ही कान अगदी स्वस्थ बसलेल्या माणसातही मेंदूकडे सतत सारखीच गुणगुण पाठवत असतात. मान उजवीकडे वळली की उजव्याची गुणगुण वाढते, डाव्याची उतरते, आणि मेंदू वाचतो तो यांतला फरक. तागडीच म्हणा ना. एक पारडं अचानक रिकामं झालं तर काटा धाडकन एका बाजूला जातो. ती गरगर, त्या ओकाऱ्या, तो पलंगाला धरून बसलेला माणूस. पण दोन्ही पारड्यांतलं धान्य सारखंच, दाण्या-दाण्याने कमी होत गेलं तर? काटा मधोमधच राहतो. पारडी रिकामी झाल्याचं कळतच नाही.

माझ्या मते दोन्ही कानांच्या या आजाराची सगळी फसगत इथेच आहे. डॉक्टर विचारतात, 'चक्कर येते का?' पेशंट खरं तेच सांगतो, 'चक्कर अशी नाही हो, नुसतं हलतं. अंधारात झोकांडी जाते.' आपल्याकडे चक्कर, घेरी, भोवळ, गरगर, भिरभिर असे कितीतरी शब्द आहेत. ही तक्रार त्यांतल्या एकातही बसत नाही. मग 'अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या' यावर भागतं.

औषधाने हे होतं तेव्हा दोन्ही बाजूंना का होतं, याचं उत्तर सोपं आहे. रक्त दोन्ही कानांना तेच औषध पोचवतं. पुढचा भाग मात्र क्रूर आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या कुळातली औषधं केसपेशीत शिरतात ती हालचाल टिपण्यासाठी उघडणाऱ्या दारांतूनच. पेशीचं जे काम, तीच तिच्या नाशाची वाट. आत गेलेलं औषध लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे शेवटचं इंजेक्शन झाल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं; मूत्रपिंड अधू असेल तर धोका वाढतो. आणि जंतुसंसर्गाने आयसीयूत पडून असलेला माणूस उठून चालणारच नसतो, तर त्याचा तोल गेलाय हे कळणार कसं? पहिल्यांदा पाय जमिनीला लावतो तेव्हा घरचे म्हणतात, 'इतके दिवस झोपून होता ना, होईल हळूहळू.' मरून गेलेल्या केसपेशी माणसाच्या कानात कामापुरत्या पुन्हा उगवत नाहीत.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली अमेरिकेतल्या रटगर्समध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुणाच्या हाती लागलं. क्षयावर चाललेलं ते पहिलं प्रतिजैविक. तोलावरचा त्याचा घाला पहिल्या काही वर्षांतच डॉक्टरांच्या ध्यानात आला होता. तरीही ते वापरलं गेलं, आणि वापरायलाच हवं होतं. समोर मरण होतं. आपल्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमातही, क्षय उलटलेल्यांना पहिले दोन महिने ही इंजेक्शनं देण्याची पद्धत कितीतरी वर्षं होती. त्याच कुळातलं कॅनामायसिन प्रामुख्याने ऐकण्यावर उठतं. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती क्षयाच्या अशाच उपचारात गेली. पुढे इंजेक्शनांना पर्याय ठरलेल्या बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याविरुद्ध त्या लढल्या आणि 2023 मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने मुदतवाढीचा तो दावा फेटाळला. ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कळतं. तोलाचं तसं नाही, म्हणून त्याचा हिशेबही फारसा कुणी ठेवला नाही.

दोन्ही कान जाण्याची दुसरी वाट एकामागून एक अशी आहे. प्रॉस्पर मेनिएर या पॅरिसच्या डॉक्टराने 1861 मध्ये ठासून सांगितलं, की गरगरण्याचे झटके मेंदूतल्या रक्तसंचयाचेच असतात असं नाही, कानातूनही येतात. त्याच्या नावाचा हा आजार बहुधा एका कानात सुरू होतो. काहींच्या बाबतीत वर्षांनंतर दुसराही धरतो. इथे तेच जेंटामायसिन औषध म्हणून येतं: पडद्यातून मधल्या कानात सोडून भांडखोर कान मुद्दाम गप्प करायचा. एक कान गेला तरी मेंदू जुळवून घेतो. पण उद्या दुसराही गेला तर? म्हणून शहाणा डॉक्टर सुई उचलण्याआधी थबकतो. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी मेनिएरच्या रुग्णांच्या तोलाच्या नसा कापल्या. ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या कापल्या, त्यांना चालताना जग उड्या मारताना दिसू लागलं.

मेंदूज्वर, शरीराने स्वतःच्याच कानावर उठणं, घराण्यातून आलेला दोष, ही आणखी काही कारणं. पुष्कळ रुग्णांत कारणच सापडत नाही.

मेंदूज्वरावरून आठवलं. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने अंतराळ-प्रवासाच्या अभ्यासासाठी गॅलॉडेट कॉलेजचे अकरा बहिरे पुरुष निवडले. एक सोडून सगळ्यांचे कान बालपणीच्या मेंदूज्वराने गेलेले. कॅनडाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात त्यांची बोट घातली, तर अभ्यास करणारे आडवे झाले आणि हे पत्ते कुटत बसले. बोट लागायलाही कान लागतो!

निदानाला मोठं यंत्र लागतंच असं नाही. सिडनीच्या हाल्मागी आणि कर्थॉइज यांनी 1988 मध्ये सुचवलेली तपासणी अशी: रुग्णाने डॉक्टरांच्या नाकाकडे बघायचं, डॉक्टरांनी त्याची मान एकदम थोडीशी वळवायची. कान शाबूत असेल तर नजर नाकावर खिळून राहते. नसेल तर डोळे मानेबरोबर वाहत जातात आणि क्षणात झटक्याने परत नाकावर येतात. दोन्ही बाजूंना तो झटका दिसला, की बरंच काही कळलं. बरं करणारं औषध नाही. व्यायाम आहेत, आणि तोलाचं काम विजेच्या स्पंदांनी करणारं रोपण आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये आठ जणांवरचा त्याचा अनुभव 2021 मध्ये प्रसिद्ध झाला.

असं रोपण सर्रास मिळेपर्यंत डोळे आणि पायाचे तळवे यांच्याच जिवावर उभं राहायचं. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्याला तर उरतात फक्त डोळे. अशा माणसाला नरक चतुर्दशीची पहाट अवघड. बाहेर अंधार, न्हाणीघराची फरशी तेलाने निसरडी, आणि उटणं डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे गच्च मिटलेले. आपली पाटावर बसून आंघोळ करण्याची जुनी रीत शॉवरखाली उभं राहण्यापेक्षा त्याला फार बरी. फक्त उठताना आधी डोळे पुसायचे, उघडायचे, एक हात भिंतीला लावायचा, आणि मग पाय टाकायचा.