चोरी की गहाळ?

दिवाळीच्या दिवसांत चोराचिलटांच्या गोष्टी कशाला काढता, असे आमच्या स्वयंपाकघरातून आताच ऐकू आले. पण वाचकहो, कुलपाची आठवण माणसाला दिवाळीत जितकी होते तितकी एरवी वर्षभरात होत नाही. गावी निघायची घाई, रिक्षा दारात उभी, पोरे आत बसलेली, आणि घरचा कर्ता पुरुष तिसऱ्यांदा मागे फिरून कुलूप ओढून पाहतो आहे, हे दृश्य यवतमाळच्या आर्णी रोडवर काय किंवा पुसदच्या एखाद्या गल्लीत काय, सारखेच. जाता जाता शेजाऱ्याला सांगायचे, "भाऊ, घराकडे लक्ष ठेवा बरं." भाऊ म्हणतात, "निवांत जा जी, आम्ही हावो ना!" एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर आपण आठ दिवस घर सोडून जातो.

चार वर्षांपूर्वी मीही असाच गेलो. परत आलो तर कुलूप तुटून पायरीवर पडलेले. आईच्या वेळची चांदीच्या निरांजनांची जोडी, हिची सोन्याची पोत आणि डब्यातले सात हजार रुपये, एवढा ऐवज गेला होता. पैशांचे मला काही वाटले नाही. निरांजनांचे मात्र वाटले.

ठाण्यावर गेलो. कोणते ठाणे ते सांगत नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नाही. तिथल्या गृहस्थांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, सारी हकीकत ऐकून घेतली आणि मग अगदी घरच्यासारखा सल्ला दिला. "हे पाहा, चोरी म्हणून लिहिलं की पंचनामा आला, साक्षीपुरावा आला, कोर्टाचे खेटे आले. वस्तू गहाळ झाल्या असा अर्ज द्या. दाखला लगेच भेटते. मोकळे व्हा."

मला दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायचे होते. मी अर्ज लिहिला. तुटलेल्या कुलपाचा उल्लेख मी स्वतःच्या हाताने गाळला. जणू काही आईची निरांजने आपल्या पायांनी बाजारात गेली आणि वाट चुकली!

आकडा कसा तयार होतो

त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्याच्या गुन्हेगारीत एका गुन्ह्याची घट झाली. हे मी थट्टेने म्हणत नाही. देशभरातल्या गुन्ह्यांचा 'क्राइम इन इंडिया' हा सरकारी अहवाल १९५३ सालापासून निघतो. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला. आता तो विभाग हे काम पाहतो. त्या जाडजूड अहवालात येतात ते घडलेले गुन्हे नव्हेत, नोंदलेले गुन्हे. आणि नोंद कुठे होते? तर ठाण्यातल्या टेबलावर, जिथे माझ्यासारखा एक घाईतला माणूस आणि कामाने वाकलेला दुसरा माणूस 'चोरी' आणि 'गहाळ' या दोन शब्दांमधून एक निवडतात.

नोंदलेल्या गुन्ह्यांना लोकसंख्येने भागून दर लाख माणसांमागे किती, तो गुन्ह्याचा दर. आता आमचा जिल्हा पाहा. सोळा तालुके, १३,५८२ चौरस किलोमीटर मुलूख. उत्तर-पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे तेलंगण. २०११ च्या शिरगणतीत माणसे २७,७२,३४८. त्यानंतर २०२१ ची शिरगणती झाली नाही, म्हणून पुढचे सारे दर अंदाजाच्या लोकसंख्येवर काढले गेले. म्हणजे भागाकारात वरचा आकडा ठाण्याच्या मर्जीचा आणि खालचा अंदाजाचा! शिवाय तीन हजार वस्तीच्या खेड्यात वर्षाकाठी एक घरफोडी झाली तरी दर लाखाला तेहतीस असा हिशेब निघतो आणि ते गाव दरोडेखोरांचा अड्डा वाटू लागते.

दुसरी मौज अशी की, दर वाढला म्हणजे गुन्हे वाढले असे मुळीच नाही. केरळचा दर देशात नेहमी वरच्या क्रमांकात असतो, आणि तरी केरळात राहायला कोणी भीत नाही. तिथली माणसे तक्रार करतात आणि ती लिहून घेतली जाते, हे त्याचे एक मोठे कारण जाणकार सांगतात. दिल्लीत २०१५ पासून वाहनचोरीची तक्रार घरबसल्या नोंदवता येऊ लागली.

आमच्याकडे तर नदीसुद्धा आकडे बदलते. कळंबवरून देवळीकडे जाताना वर्धा नदीचा पूल लागतो. अलीकडे यवतमाळ, पलीकडे दारूबंदीचा वर्धा जिल्हा. खिशात तीच बाटली. पुलाच्या अलीकडे ती दुकानातला माल, पलीकडे गुन्हा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तेव्हा वणीहून घुग्घुसच्या बाजूला जाणाऱ्या वाटांवरही हाच खेळ चाले. बंदी उठली आणि एका हुकमासरशी हजारो संभाव्य गुन्हे नाहीसे झाले. मात्र दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार खाणारी बाई अलीकडच्या तीरावर असो की पलीकडच्या, ती ठाण्यावर गेली तरच आकड्यात येते. दारूबंदीसाठी आमच्या जिल्ह्यातल्या बायका मोर्चे काढून रस्त्यावर आल्या, त्या काही अहवाल वाचून आल्या नव्हत्या.

आणि ठाण्यात गुन्ह्याच्या वहीशेजारी आणखी एक वही असते, मर्गाची. विष घेतलेला शेतकरी तिथे लिहिला जातो. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. घरातला माणूस शेतातून परत येईल की नाही, ही धास्ती चोराच्या भीतीपेक्षा लहान नाही. पण सुरक्षिततेचा हिशेब करताना ती वही कोणी उघडत नाही.

पहारा

माझ्या घरानंतर महिनाभरात आमच्या वसाहतीत आणखी तीन घरे फुटली. त्यांतल्या दोघांनी रीतसर चोरीची तक्रार दिली. तिसऱ्यांनी माझाच कित्ता गिरवला. मग एका रविवारी मारुतीच्या पारावर सभा भरली आणि रात्रीचा पहारा सुरू झाला. चार-चार जणांची पाळी, शिट्ट्या, काठ्या, एक मोठी बॅटरी. पहिल्या आठवड्यात मोठा उत्साह. पाच पाच वर्षे एकमेकांशी न बोललेली माणसे मध्यरात्री एका थर्मासमधला चहा प्यायली.

जुन्या काळी गावाचा पहारा असाच गावाच्या अंगावर असे. वऱ्हाडात गावाचा जागल्या असायचा. दख्खनच्या कारभारावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत वर्णिली आहे: चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढायचा, माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की त्या गावाच्या राखणदाराने तो पुढे न्यायचा, आणि माग जिथे हरवला, भरपाई त्याच्या माथी. व्यवस्था कडक होती, अन्यायाचीही होती, पण एक गोष्ट तिच्यात पक्की होती. माग हरवला तर तो कोणाच्या हद्दीत हरवला, हे लपवता येत नसे. पुढे १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे मिळाली. बांधाबांधांचे कितीतरी जुने वाद तिने मिटवले हे खरे. आणि काही वेळा बायामाणसांना "गावाचं नाव जाईल, गप्प बैस" असे ऐकावे लागले, हेही मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

असो. पहाऱ्याच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री एकच्या सुमाराला, आम्ही एक पोरगा धरला. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. हातात कापडी पिशवी. कुठला, तर गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरचा. हे कळले मात्र, आणि कोणाला दुसऱ्या पुराव्याची गरज राहिली नाही. त्याला विजेच्या खांबाला बांधले. दोघा-तिघांनी हात चालवले. मी मारले नाही. मी बॅटरी धरली होती. त्याच्या तोंडावरचा उजेड मी हलवला नाही.

पिशवीत तापाच्या गोळ्या निघाल्या आणि औषधाच्या दुकानाची पावती. त्याची आई आजारी होती. इस्पितळापुढचे दुकान रात्री उघडे असते म्हणून तो चालत आला होता. पावती पाहूनही आमच्यातले एक सद्गृहस्थ म्हणाले, "गोळ्यांचं सोडा जी, ह्या लोकाईचा काई भरोसा नाई." पोलीस आले, त्याला घेऊन गेले, सकाळी सोडले.

'ह्या लोकांचा भरवसा नाही' हे वाक्य आमचे नव्हे, सरकारी आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या पारध्यांवरही हा शिक्का बसला. पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, असा तो जाच. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. विमुक्त लोक तो दिवस आजही पाळतात. कायदा रद्द झाला, पण त्याची नक्कल आमच्या पारावर शाबूत होती.

यादी

या गोष्टीला शेपूट आहे, आणि ते माझ्याच पायाशी येते. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात एक टोळी पकडली गेली. चांगली पँट-शर्ट घातलेली, मोटारसायकलवर फिरणारी, दिवसा भाडेकरू म्हणून घरे हेरणारी मंडळी. त्यांच्याकडच्या मुद्देमालात आमच्या वसाहतीतला ऐवज सापडला. ज्या दोघांनी चोरीची तक्रार दिली होती, त्यांना ओळख पटवायला बोलावणे आले. मला आले नाही. कागदोपत्री माझ्याकडे चोरी झालीच नव्हती.

मी आपणहून गेलो. वस्तू पाहायची विनंती केली. उत्तर सरळ होते: "तुमचा गुन्हाच दाखल नाही, तर माल तुमचा कसा म्हणायचा?" वितळलेल्या चांदीची एक लगड तिथे होती. तिच्यात आईची निरांजने होती की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.

त्याहून वाईट गोष्ट परतताना ध्यानात आली. चारही घरफोड्या पहिल्या दिवशी लिहिल्या गेल्या असत्या, तर एकाच रीतीने फुटलेली चार कुलपे तपास करणाऱ्यांना एका कागदावर दिसली असती. वसाहतीत गस्त वाढली असती. कदाचित आम्हाला काठ्या घ्याव्या लागल्या नसत्या आणि तो पोरगा खांबापर्यंत पोचलाच नसता. बॅटरी मी त्या रात्री धरली, पण अंधार मी महिनाभर आधी, ठाण्यातल्या टेबलावर केला होता.

बेड्यावर मी एकदा गेलो. त्याची आई भेटली. तो कुठे कामाला गेला होता. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती एवढेच म्हणाली, "आता तो रातीचा निंगत नाई."

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आलाच, तर चार गोष्टी ध्यानात असाव्यात. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निवाडा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते. आणि ठाण्यावर नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. हे सारे मला पोत गेल्यावर कळले.

इंग्लंडात म्हणे २०११ पासून आपल्या गल्लीतले गुन्हे घरबसल्या नकाशावर पाहता येतात. आमच्याकडे तसा नकाशा नाही. पण नवरात्रात यवतमाळला या. इथल्या दुर्गोत्सवाचे नाव लोक कोलकात्याच्या पाठोपाठ घेतात. रात्री दोन वाजता लेकी-सुना, म्हाताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या बाया देखावे पाहत चालत असतात. त्या नऊ रात्री शहर तेच, माणसे तीच. रस्त्यावर दिवे असतात, माणसे असतात, एवढाच काय तो फरक. दहावी रात्र उजाडली की त्याच लेकीला आपण नऊ वाजता फोन करतो, "कुठे आहेस?"

उद्या आम्ही गावी निघतो आहोत. किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली आहे. नवीन निरांजने घेतली आहेत, ती बरोबर नेतो आहे. कुलूप तुटू नये अशी इच्छा तर आहेच. पण तुटलेच, तर या खेपेला कागदावर 'चोरी' हाच शब्द लिहीन. मग एक दिवसाची रजा गेली तरी चालेल.