संगणक-जाल

दोन किंवा अधिक संगणकांत माहितीची देवघेव व्हावी म्हणून ते तांब्याच्या तारा, प्रकाशीय तंतू अथवा रेडिओ तरंग यांच्या द्वारे जोडून केलेली रचना. केवळ जोडणीने भागत नाही. संदेश कोणत्या स्वरूपात पाठवावा, पोहोचल्याची पोच कशी द्यावी, यांविषयीचे नियम दोन्ही टोकांनी पाळावे लागतात. या नियमसंचास संकेतावली म्हणता येईल.

पारंपरिक दूरध्वनीत संभाषण संपेपर्यंत संपूर्ण मार्ग त्या दोघांसाठी अडवून ठेवला जाई. संगणक-जालात संदेशाचे लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. तुकडे निरनिराळ्या मार्गांनी गेले, तरी शेवटी ते क्रमाने जुळविले जातात. हरवलेला तुकडा पुन्हा मागविता येतो. ही कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन व इंग्लंडमध्ये डॉनल्ड डेव्हिस यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे मांडली. तीवर आधारलेले आर्पानेट १९६९ मध्ये सुरू झाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी त्याने आजच्या इंटरनेटची संकेतावली स्वीकारली. एका इमारतीतील संगणक स्विच या साधनाद्वारे जोडतात. भिन्न जाले एकमेकांस जोडून तुकड्यांना वाट दाखविण्याचे काम राउटर करतो.

भारतात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या निकनेट जालाने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे उपग्रहाद्वारे जोडली. सातारा व सांगली यांतील अंतर सरळ रेषेत सु. ११० किमी. आहे. दिल्लीतील मुख्य भूकेंद्रामार्फत जाणाऱ्या संदेशाला मात्र सु. ३६,००० किमी. उंचीवरील उपग्रहाकडे दोनदा जावे व दोनदा परतावे लागे; म्हणजे सु. १,४४,००० किमी. प्रवास व जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा विलंब. तरीही पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांसारख्या प्रदेशात उपग्रहाचे महत्त्व होतेच. कारण सूक्ष्मतरंगांच्या मनोऱ्यांना एकमेकांची सरळ दृष्टिरेषा लागते आणि सह्याद्रीचे फाटे ती वारंवार अडवितात.

ग्रामीण जालाचा बोधप्रद प्रयोग वारणा खोऱ्यातील होय. १९९८ मध्ये वारणानगर (जि. कोल्हापूर) येथील सहकारी समूह, राज्य शासन व राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांनी कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सु. ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. गावोगावच्या केंद्रांतील संगणक साखर कारखान्याशी जोडले जाऊन उसाची नोंद, वजन, खते व देणी यांची माहिती सभासदास गावातच मिळावी, अशी योजना होती. ही सोय क्षुल्लक नव्हे : तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन व साखर घटते आणि वजनावरच शेतकऱ्याची वर्षाची प्राप्ती ठरते.

शेतीचा सल्ला, बाजारभाव इ. इतर अपेक्षा बव्हंशी कागदावरच राहिल्या. संगणकांचा मुख्य उपयोग उसाच्या हिशेबापुरताच होत गेला. तेवढ्या कामाला मोठे जाल लागते का, हा प्रश्न रास्त होता. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधन-शाळेने सात गावांत आठ महिने संगणकांऐवजी मोबाइल वापरून पाहिले. शेतकऱ्याने विचारलेली माहिती लघुसंदेशाने मध्यवर्ती संगणकाकडे जाई व उत्तर त्याच मार्गाने येई. संगणकांवरील सर्व कामे या पद्धतीने होऊ शकली, खर्च कमी आला आणि ती शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरली. पूर्वीचे गावकेंद्र ठराविक वेळीच उघडे असे. मोबाइल मात्र शेताच्या बांधावरही जवळ असे.