इंजिनाच्या पोटात (लेखांक 7) : बोअर, स्ट्रोक आणि टॉर्कचा गैरसमज

मागच्या लेखांकात पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांची सांगड पाहिली. आता मोजमापाकडे वळू. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर. पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढा सरकतो, तो स्ट्रोक. गाडीचे सीसी या दोन आकड्यांतूनच निघतात. जुन्या बुलेट 350 चा बोअर 70 मिमी आणि स्ट्रोक 90 मिमी. सेंटिमीटरमध्ये मांडा: 7 चा वर्ग 49, त्याला 9 ने गुणा, मग 0.7854 ने. उत्तर येतं 346.

इथे वर्ग बोअरचा होतो, स्ट्रोकचा नाही. म्हणून याच इंजिनाचा बोअर एक मिमीने वाढवला तर सुमारे 10 सीसी वाढतात. स्ट्रोक तेवढाच वाढवला तर जेमतेम 4. बुलेट 500 मध्ये स्ट्रोक 90 मिमीच राहिला, बोअर मात्र 84 मिमी झाला. व्यास 20 टक्क्यांनी वाढला आणि सीसी 44 टक्क्यांनी.

स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकच बदलावा लागतो. क्रँकपिन मध्यापासून 2 मिमी लांब नेली की स्ट्रोक 4 मिमीने वाढतो, पण पिस्टनही 2 मिमी जास्त वर येतो आणि हेडवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकतो. मग रॉडची लांबी, पिस्टनची उंची, ब्लॉकची उंची, सगळ्याचाच हिशेब नव्याने.

आता नाक्यानाक्यावर ऐकू येणारं वाक्य: ‘लाँग स्ट्रोक आहे, म्हणून टॉर्क आहे.’ क्रँकचा हात लांब, म्हणून पीळ जास्त, असा त्यामागचा तर्क. तो अर्धाच खरा आहे. सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवला, तर बोअर कमी करावाच लागतो. पिस्टनचा माथा लहान झाला की त्यावर पडणारा जोरही घटतो. एकीकडे मिळालेलं दुसरीकडे जातं. टॉर्क ठरतो तो सीसी आणि सिलिंडरमधल्या सरासरी दाबावर.

आकडेच पाहा. 346 सीसीच्या बुलेटचा कमाल टॉर्क 28 न्यूटन-मीटर, म्हणजे दर 100 सीसीमागे 8 च्या आसपास. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकचं 373 सीसीचं इंजिन याच्या अगदी उलट घडणीचं: बोअर 89, स्ट्रोक फक्त 60 मिमी. त्याचा 2017 सालच्या आवृत्तीतला टॉर्क 37 न्यूटन-मीटर, दर 100 सीसीमागे जवळपास 10. शॉर्ट स्ट्रोकवाली गाडीच पुढे! फरक इतकाच की बुलेट आपला कमाल टॉर्क 4000 आरपीएमला देते, ड्यूक 7000 ला. खालच्या आरपीएमलाच मिळणारी ती ओढ आणि जड फ्लायव्हील यांच्यामुळे बुलेटची चाल आपल्याला दमदार वाटते.

मग स्ट्रोक नेमकं काय ठरवतो? आरपीएमची मर्यादा. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोन स्ट्रोक चालतो. ड्यूकचा 60 मिमीचा स्ट्रोक 9000 आरपीएमला सेकंदाला सरासरी 18 मीटर वेग देतो. बुलेट तेवढी फिरवायची म्हटलं तर तिच्या पिस्टनला 27 मीटरचा वेग लागेल. फॉर्म्युला वनची 2.4 लिटरची व्ही-8 इंजिनं 18000 आरपीएमला फिरायची, तरी त्यांच्यात हा वेग 24 च्या आसपास होता, कारण स्ट्रोक 40 मिमीहूनही थोडा कमी होता. शिवाय मोठ्या बोअरमुळे हेडमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात. ड्यूकमध्ये ते चार आहेत, बुलेटमध्ये दोन. जास्त फिरणाऱ्या इंजिनाला श्वासही तेवढाच मोठा लागतो.

2023 मध्ये ड्यूकचा बोअर 89 मिमीच ठेवून स्ट्रोक 64 मिमी केला. सीसी 398 च्या घरात गेले, टॉर्क 39 न्यूटन-मीटर झाला, पण कमाल ताकदीचा बिंदू 9000 वरून 8500 आरपीएमवर उतरला. पिस्टनचा वेग काढून पाहा: पुन्हा 18 मीटरच. मला हा अभियांत्रिकीतला फार सुंदर हिशेब वाटतो.

मोठ्या बोअरची किंमतही मोजावी लागते. ठिणगीपासून कडेपर्यंत ज्योतीला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून नॉकिंगचा धोका वाढतो. जहाजांची अवाढव्य डिझेल इंजिनं लाँग स्ट्रोक असतात ती इंधनाच्या काटकसरीसाठी. 960 मिमी बोअर आणि 2500 मिमी स्ट्रोकचं वार्टसिलाचं इंजिन मिनिटाला 102 फेरेच घेतं.

ज्यांची गाडी बोअरला आली आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक सांगणं. अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन घातल्यावर बुलेटमध्ये जेमतेम 5 सीसी वाढतात. नंतर जाणवणारा जोर या 5 सीसींचा नसतो, परत आलेल्या कॉम्प्रेशनचा असतो. तेव्हा सीसी वाढवण्यासाठी चांगला ब्लॉक कापू नका. आणि कापावाच लागला, तर पिस्टन आधी आणा, तो मायक्रोमीटरने मोजून घ्या आणि मगच लेथवाल्याला बोअर करू द्या.