‘साहेब बोलतोय’ म्हणणाऱ्यापासून सावध!
नुकसानभरपाईच्या नावाने येणारे फोन : ओळखायचे कसे आणि करायचे काय?

पीक गेले, पंचनामा झाला, यादीही लागली. पण पैसे काही खात्यावर पडले नाहीत. असे दिवस शेतकऱ्याच्या वाट्याला वरचेवर येतात. बँकेत चार खेपा झालेल्या असतात, तलाठ्याची गाठ पडत नाही, दुकानदार उधारीसाठी दारात उभा असतो. आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. ‘‘दादा, तुमच्या नुकसानभरपाईची फाईल माझ्यासमोर आहे. सगळं मंजूर आहे, फक्त एक सही अडली आहे. साहेब आज रजेवर चाललेत. दोन हजार पाचशे रुपये प्रक्रिया शुल्क भरा, संध्याकाळपर्यंत पैसे जमा होतील.’’

आवाज मऊ, बोलणे अदबीचे. तो आपले नाव सांगतो, गावाचे नाव सांगतो, गट नंबर सांगतो, क्षेत्रही बरोबर सांगतो. मग माणसाला वाटते, एवढे सगळे ठाऊक आहे म्हणजे हा कचेरीतलाच असणार. इथेच पाय घसरतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पुराने जमिनी खरवडून नेल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहूला हेक्टरी किती, बागायतीला किती, याचे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले. ते आपण वाचले, तसे भामट्यांनीही वाचले. सरकारी घोषणा झाली की तिच्या मागोमाग या मंडळींचा हंगाम सुरू होतो.

आपला गट नंबर त्याला कसा कळतो?

यात जादू काही नाही. सातबारा आता संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची गाववार यादी उघडी आहे. अनुदानाच्या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतात आणि कुणी तरी त्यांचे फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. शिवाय सिमकार्डासाठी, कर्जासाठी, खताच्या दुकानात आपण आधारची झेरॉक्स किती ठिकाणी दिली, याचा हिशेब आपल्यालाही सांगता यायचा नाही.

तेव्हा एक गोष्ट मनात पक्की धरावी. गट नंबर सांगितला म्हणून कुणी तलाठी होत नाही. समोरच्याला आपली किती माहिती आहे, यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. तो आपल्याकडून काय मागतो, यावरून ठरते.

खरी भरपाई कोणत्या वाटेने येते?

खरी वाट ठाऊक असली की खोटी लगेच ओळखू येते. म्हणून ती आधी पाहू.

अतिवृष्टीचे अनुदान : तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. (या पदांना आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी अशी नावे दिली आहेत, गावात जुनीच चालतात.) यादी तहसीलमधून वर जाते, मंजुरी येते. ई-केवायसी लागत असेल तर यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर जायचे. तिथे शुल्क घेतलेच तर पावती मागायची. रक्कम थेट खात्यात येते. या सगळ्यात फोनवरून पैसे भरण्याची पायरी कुठेच नाही.

पीक विमा : एक रुपयात विमा ही सोय खरीप २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. त्या हंगामापासून शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला. खरीप २०२५ साठी भरपाईचा आधार ठेवला तो पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नाचा. हे प्रयोग मंडळासाठी होतात आणि आकडा निघतो तो सगळ्या मंडळाचा. मग ‘तुमचा एकट्याचा दावा मी पुढे सरकवतो’ असे कुणी त्या हंगामाबद्दल म्हणाला, तर त्याला काय सरकवता येणार? विम्याची चौकशी करायची तर १४४४७ या सरकारी क्रमांकावर आपण स्वतः करावी.

पीएम किसान : २०१९ पासून वर्षाला ६ हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. हप्ता अडला तर कारण बहुधा साधे असते : ई-केवायसी राहिलेली, खाते आधारशी न जोडलेले, नाहीतर जमिनीच्या नोंदीत फरक. ही कामे सेवा केंद्रात, बँकेत किंवा कृषी कार्यालयात होतात. चौकशीचा क्रमांक १५५२६१.

जमिनीचा मावेजा : वाढीव मावेजा हवा असेल तर राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणात लवादाकडे आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्राधिकरणाकडे लेखी मागणी करावी लागते. नोटिसा निघतात, सुनावणी होते. ‘तुमचा मावेजा वाढला, आधी दोन टक्के पाठवा’ असे फोनवर सांगून तो वाढत नाही.

आणखी एक घर या भामट्यांच्या नजरेत असते, ते म्हणजे जिथला कर्ता माणूस अपघातात गेला ते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. दुःखात असलेल्या बाईला ‘ताई, दोन लाखांचा चेक तयार आहे’ म्हणून फोन आला, तर तिने तो घरातल्या जाणत्या माणसाकडे द्यावा आणि कार्यालयात जाऊनच खातरजमा करावी.

सोंगे अनेक, डाव एकच

पहिले सोंग ‘शुल्का’चे. आधी पाचशे, मग जीएसटी म्हणून दोन हजार, मग ‘सुरक्षा ठेव’ म्हणून दहा हजार. पहिले गेलेले वाचवण्यासाठी माणूस पुढचे भरत जातो.

दुसरे सोंग ओटीपीचे. ‘खाते पडताळायचे आहे, मेसेजमधला नंबर सांगा.’ ओटीपी ही आपल्या कपाटाची किल्ली आहे. सेवा केंद्रात आपण बसलो, आपणच काम सुरू केले आणि ओटीपी आला, तर गोष्ट वेगळी. न मागता आलेला आकडा मात्र कुणालाच सांगायचा नाही. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

तिसरे सोंग फाईलचे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘नुकसानभरपाई यादी’ अशा नावाची फाईल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरे असतात. ती यादी नव्हे, ते ॲप असते. दाबून मोबाईलमध्ये घेतले की आपले मेसेज परस्पर चोराला दिसू लागतात आणि ओटीपी न सांगताही खाते रिकामे होऊ शकते. ‘मी तुम्हाला मदत करतो’ म्हणून आपल्या मोबाईलचा पडदा त्याला दिसेल असे ॲप घ्यायला लावणे, हाही त्याच जातीचा प्रकार.

चौथे सोंग पिनचे. ‘पैसे पाठवलेत, स्वीकारायला पिन टाका.’ यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागत नाही, देतानाच लागतो. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

पाचवे सोंग ‘चुकून जास्त आले’ याचे. आधी खात्यात २० हजार जमा झाल्याचा खोटा मेसेज, मागून रडवेला फोन : ‘काका, दोनऐवजी वीस पडले, अठरा परत करा, माझी नोकरी जाईल.’ मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल तर तिथेच शंका घ्यावी. मेसेजवर विसंबू नये, खात्यातली शिल्लक पाहावी.

सहावे सोंग फोनवरून दारात येते. ‘उद्या तुमच्या गावात आमचा माणूस येईल, अंगठा द्या.’ आधारजोडणी असलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे निघतात, हे विसरू नये. अनोळखी माणसाच्या यंत्रावर बोट ठेवू नये. ठेवण्यापूर्वी कशासाठी ते विचारावे, झाल्यावर पावती घ्यावी. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोयही आहे. ज्यांना अंगठ्याचे काम क्वचितच पडते त्यांनी ती जरूर वापरावी.

फोन आलाच तर

वाद घालत बसू नका, शिव्याही देऊ नका. या लोकांचा पोटापाण्याचा धंदाच बोलण्याचा आहे. बोलण्यात ते आपल्याला हार जाणार नाहीत. सरळ म्हणावे, ‘‘मी उद्या कचेरीत येऊन भेटतो.’’ खरा कर्मचारी ‘या’ म्हणेल. खोटा घाई करील, ‘आजच शेवटची तारीख’ म्हणेल, नाव कमी करण्याची भीती घालील. घाई आणि भीती या दोन खुणा दिसल्या की फोन ठेवून द्यावा. त्याने दिलेल्या नंबरावर उलट फोन करून खात्री करू नये, कारण तिथेही त्याचाच जोडीदार बसलेला असतो. गुगलवर शोधलेला नंबरही खरा असेलच असे नाही. पासबुकावरचा, विम्याच्या पावतीवरचा किंवा कचेरीच्या फलकावरचा नंबर घ्यावा.

पैसे गेले नाहीत तरी तो नंबर संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवता येतो. कॉलेजात जाणाऱ्या पोराला हे पाच मिनिटांचे काम आहे.

पैसे गेलेच तर

तोंड लपवून बसू नका. ‘लोक काय म्हणतील’ यात गेलेला एकेक तास चोराच्या पथ्यावर पडतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर पळवले जातात आणि शेवटी रोख काढले जातात. काढण्याआधी कळवले तर बँका ती रक्कम वाटेत अडवू शकतात.

म्हणून आधी १९३० हा क्रमांक फिरवा. खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि चोराचा फोन नंबर जवळ ठेवा. लगेच बँकेला सांगून खाते थांबवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियम असा की, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. लवकर कळवण्याचे मोल यावरून समजावे.

तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावरही नोंदवता येते. पोलिस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले, तर जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मेसेज, फोनची यादी, ती फाईल, काहीही पुसू नका. तोच पुरावा आहे.

एवढे झाल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याचा संभव असतो. ‘सायबर शाखेतून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला पाच हजार भरा.’ एकदा फसलेल्यांची नावे या टोळ्यांत फिरत असतात. गेलेले पैसे मिळवून देण्यासाठी पोलिस फी घेत नाहीत.

आणि तरुणांना वेगळे सांगणे आहे. ‘तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असे म्हणणारे गावोगाव भेटतात. चोरीचा पैसा फिरवायला त्यांना अशीच खाती लागतात. खाते आपल्या नावावर, म्हणजे पोलिसही आपल्याच दारात.

वाट पाहणाऱ्यालाच गाठतात

हे भामटे कुणाला गाठतात? ज्याचे पैसे खरोखरच अडलेले आहेत त्याला. अर्ज कुठे अडला, हे कचेरीत कुणी धड सांगत नाही, म्हणून सांगणारा पहिला आवाज खरा वाटतो. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण उगीच पडलेली नाही. फसलेल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

त्यावर आपल्या हातातला उपाय कागदाचा आहे. तहसीलदारांकडे किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या. उत्तर आले नाही तर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारा की, माझे प्रकरण कोणत्या टेबलावर आहे आणि कशामुळे अडले आहे. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. भामटा जी माहिती अडीच हजाराला विकतो, ती १० रुपयांत सही-शिक्क्यानिशी मिळते. गावाच्या पातळीवर ग्रामसभेत याद्या वाचून घ्याव्यात, अडलेल्यांची नावे कारणासह मागावीत. आपले प्रकरण कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याला फोनवरच्या साहेबाची गरज पडत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाईलवर आज संध्याकाळीच १९३० हा नंबर घालून द्या, आणि त्यांना एवढेच सांगा : सरकार द्यायला उशीर करील, पण देण्याआधी फोनवरून पैसे मागणार नाही.