बोरनहाणाची लूट, गोळ्या-चॉकलेटांविना

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आमच्या विश्रामबागेत संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या घरी बोरनहाण असतेच. काळे झबले घातलेले, हलव्याच्या दागिन्यांनी मढलेले बाळ पाटावर बसते, औक्षण होते आणि बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे व शेंगा यांचा वर्षाव त्याच्या डोक्यावरून होतो. भोवतालची चिल्लीपिल्ली ती लूट गोळा करण्यास धावतात. ऋतूतील मेव्याशी बाळाची ओळख करून देणारा हा सोहळा मला मनापासून आवडतो. मात्र अलीकडे या वर्षावात बोरांपेक्षा रंगीत गोळ्या व चॉकलेटे अधिक असतात, आणि निरोपाच्या वेळी प्रत्येक मुलाच्या हाती मिळणाऱ्या पिशवीतही तीच भरलेली असतात.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत दीड वर्षाच्या एका मुलास घेऊन त्याची आई व आजी माझ्या दवाखान्यात आल्या. खोकला होता, ताप नव्हता. थंडीचे दिवस, घरोघरी सर्दी. मी साधा खोकला समजून औषध दिले. चौथ्या दिवशी ती मंडळी पुन्हा आली. या वेळी तपासताना उजव्या बाजूला श्वासाचा आवाज स्पष्टपणे कमी जाणवला. मी विचारले, "खाताना याला कधी ठसका लागला होता का?" आजी थोडा वेळ थांबल्या व म्हणाल्या, "शेजारच्या बोरनहाणात लागला होता, डॉक्टर. पण लगेच थांबला, म्हणून बोलले नाही." त्याच दिवशी त्याला मिरजेला पाठविले. दुर्बिणीतून श्वासनलिकेतून निघाला तो शेंगदाण्याचा अर्धा दाणा. मूल सुखरूप घरी आले. परंतु तो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता, ही बोच अद्याप गेलेली नाही. तेव्हापासून खोकणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या पालकांना मी तो प्रथम विचारतो.

असे का होते? या वयात पुढचे दात चावा घेतात, पण बारीक चर्वण करणाऱ्या सर्व दुधाच्या दाढा येण्यास अडीच वर्षांच्या आसपासचा काळ जातो. श्वासनलिका बाळाच्या करंगळीएवढीच रुंद असते. त्यातच पळताना, हसताना, रडताना तोंडात घास असला तर तो चुकीच्या वाटेने जाण्याची शक्यता वाढते; आणि लूट म्हणजे तर पळणे, हसणे व तोंडात टाकणे हे सारे एकाच वेळी! शेंगदाणे, कडक गोळ्या, काटेरी हलवा, बोराची बी, उसाचा करवा व हरभरा यांपैकी काहीही चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती पडू नये. हलव्याच्या दागिन्यांचा दोरा तुटला तर दाणे सुटतात, म्हणून छायाचित्र काढून होताच ते उतरवावेत. याच दिवसांत तासगावची द्राक्षे बाजारात येऊ लागतात. तीही अख्खी न देता उभी चिरून चार फोडी कराव्यात.

दुसरा प्रश्न साखरेचा. पूरक आहाराविषयीच्या 2023 च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांखालील बालकांना अतिगोड पदार्थ देऊ नयेत असे सांगितले आहे. त्यापुढील वयात वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा एकूण आहाराच्या 10 टक्क्यांहून कमी, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला साधारण 1000 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी 10 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, चहाचे जेमतेम पाच चमचे. लुटीची एक पिशवी ही मर्यादा सहज ओलांडते. गुळाची बाजू घेण्याचा मोह आपल्या सर्वांनाच होतो. पण शरीराच्या हिशेबात गूळही साखरेच्याच खात्यात जमा होतो. चिकट गोळीने दुधाच्या दातांचे होणारे नुकसान निराळेच.

मग मुलांना द्यावे तरी काय? ईस्टरच्या सणाला मुलांना चॉकलेटची अंडी भरलेली टोपली देणाऱ्या परदेशी घरांतील आईबापांनाही हाच प्रश्न पडतो. उत्तर शोधताना मुलाकडे थोडा वेळ पाहावे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पदार्थाच्या चवीपेक्षा तो वरून पडण्याची, उचलण्याची, पिशवीत भरण्याची व पुन्हा ओतण्याची गंमत अधिक असते. भरणे आणि ओतणे हाच त्याचा खेळ. म्हणून भेटही त्याच खेळाची असावी.

एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी कापडी पिशवी व तीत रंगीत कापडी चेंडू द्यावेत. चेंडू लिंबाएवढा नको, मोसंबीएवढा असावा. एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या तीन वाट्या, गुळगुळीत कडांचा लाकडी चमचा किंवा जाड पुठ्ठ्याच्या पानांचे चित्रांचे पुस्तक हेही उत्तम. दोन ते तीन वर्षांच्या मुलांना जाड खडू व कोऱ्या कागदांची वही किंवा मोठ्या तुकड्यांचे लाकडी कोडे द्यावे. तीन वर्षांपुढील मुलांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तके आहेत. मला सर्वांत आवडलेली भेट मात्र संक्रांतीच्याच सुगडाची: सुगडात माती भरून मुलाच्याच हाताने मेथी पेरून घ्यावी. आठवडाभरात कोंब दिसतात आणि मूल रोज सकाळी त्याला पाणी घालण्यास उठते.

खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. बटणासारख्या चपट्या बॅटरीवर चालणारी गाणारी खेळणी टाळावीत. अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होते. फुग्यांच्या सजावटीतील फुटके तुकडे लगेच उचलावेत.

विधी मोडावा असे मी म्हणत नाही. शास्त्रापुरती पाच बोरे बाळावरून ओवाळून बाजूला ठेवावीत आणि वर्षाव कापडी चेंडूंचा व झेंडूच्या अख्ख्या फुलांचा करावा. मोठ्या मुलांना बोरे व ऊस नंतर बसवून, मोठ्यांच्या देखरेखीखाली खाऊ द्यावेत.

एवढे करूनही घशात काही अडकलेच, तर मूल जोराने खोकत असेल तोवर त्याला खोकू द्यावे. आवाज निघेनासा झाला, श्वास घेता येईना, तर मदतीसाठी हाक मारून 108 क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे व स्वतः उपचार सुरू करावा. डोके खाली ठेवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताने पाच थापा द्याव्यात. अडथळा निघाला नाही तर वर्षाखालील बाळास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत; वर्षावरील मुलास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत व वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत. अडथळा निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. मूल बेशुद्ध पडल्यास छातीदाब व कृत्रिम श्वास सुरू करावेत. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. आणि ठसका थांबला तरी तो लागला होता हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

गेल्या वर्षी एका सूनबाईंनी निमंत्रणातच लिहिले होते, "कृपया गोळ्या-चॉकलेटे आणू नयेत." सासूबाई थोड्या नाराज होत्या, लोक काय म्हणतील, मुले रिकाम्या तोंडाने कशी जातील, ही त्यांची काळजी. मी गेलो तेव्हा कार्यक्रम संपला होता. उत्सवमूर्ती पाटावरून उतरून एका वाटीतले चेंडू दुसऱ्या वाटीत टाकण्यात गढली होती आणि समोर बसलेल्या आजी ते मोजत होत्या: "एक... दोन... तीन..."