आकडा कॅटचा, प्रश्न तांब्याचा

सांगोल्याजवळ माझ्या मावसभावाची डाळिंबाची बाग आहे. फळ रंगायला लागलं की चोरीची धास्ती, म्हणून त्याने मोटारीच्या खोलीवर कॅमेरा बसवून घेतला. दिवसभर झकास चालायचा. दिवेलागण झाली की बंद. मिनिटभर चित्र, मग अंधार, पुन्हा चित्र, पुन्हा अंधार. बसवणाऱ्याने कॅमेरा बदलून दिला, मग अ‍ॅडॉप्टर बदलला, शेवटी ‘साइटलाच काहीतरी प्रॉब्लेम आहे’ म्हणून फोन उचलायचा बंद झाला.

मी मीटर घेऊन गेलो. घरापासून खोलीपर्यंत ६० मीटर नेटवर्क केबल. तिच्या चार जोड्यांपैकी नारिंगी आणि हिरवीतून चित्र येत होतं, आणि मोकळ्या राहिलेल्या निळ्या-तपकिरीतून घरातल्या अ‍ॅडॉप्टरचे १२ व्होल्ट पाठवले होते. दुपारी कॅमेऱ्यापाशी साडेनऊसुद्धा व्होल्ट नव्हते. अंधार पडला, कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले, त्याची गरज तीन वॅटवरून सहावर गेली आणि उरलेसुरले व्होल्टही कोसळले. मी भावाला म्हटलं, ‘‘बोअरमध्ये मोटार चारशे फुटांवर सोडताना दुकानदाराकडे जाड केबल मागतोस ना? मग इथे का नाही विचारलंस?’’ तो म्हणाला, ‘‘अरे, ही कॅट सिक्स आहे की!’’

बहुतेक सगळे गैरसमज या उत्तरात आहेत.

गैरसमज : कॅटचा आकडा मोठा, तेवढं अंतर जास्त.

कॅट ५ई असो, कॅट ६ असो, नेटवर्कच्या माहितीसाठी मानकातलं अंतर एकच आहे : १०० मीटर. त्यातही ९० मीटर पक्की टाकलेली केबल आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डचे. आकडा वाढला की त्या अंतरात वेग जास्त मिळतो. साध्या कॅमेऱ्याला तो वेग लागतच नाही. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला चार-पाच मेगाबिट पाठवतो आणि कॅट ५ईमधून हजार सहज जातात.

विजेच्या बाबतीत कॅट ६चा थोडा फायदा होतो, पण तो आकड्यामुळे नाही, तारेच्या जाडीमुळे. कॅट ५ईची तार साधारण २४ गेजची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची. कॅट ६ची बहुधा २३ गेजची, किंचित जाड. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. हे उलटं गणित वायरमनला पाठ असतं, आपल्याला कुणी सांगत नाही. तेव्हा केबलच्या अंगावर छापलेली ओळ वाचताना ‘कॅट’पाशी थांबू नका, पुढे गेज काय लिहिलंय ते बघा. काही स्वस्त ‘कॅट ६’वर तो आकडा नसतोच. मी अशी केबल परत ठेवतो.

गैरसमज : पेटीत ३०५ मीटर येते, म्हणजे तेवढी टाकता येते.

३०५ मीटर म्हणजे हजार फूट. ते विक्रीचं माप आहे. तांदळाची गोणी पंचवीस किलोची असते म्हणून कुणी ती एका पातेल्यात शिजवत नाही.

गैरसमज : १२ व्होल्ट पाठवा नाहीतर पीओई वापरा, शेवटी वीज ती वीजच.

माझ्या मते लांबच्या कॅमेऱ्यांचे निम्मे दुखणे इथेच आहे, म्हणून जरा आकडेमोड करू.

सहा वॅटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टने वीज द्यायची तर अर्धा अँपिअर करंट लागतो. तीच वीज ४८ व्होल्टने दिली तर अँपिअरचा आठवा भाग पुरतो. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे करंट चौथाई झाला की नुकसान सोळावा हिस्सा. गावाबाहेरच्या तारांमधून महावितरण ११ हजार व्होल्ट नेतं आणि डीपीपाशी ते कमी करतं, त्यामागे हेच कारण आहे. केबलमधून रीतसर वीज देण्याची पद्धत, म्हणजे पीओई, ४८ व्होल्टच्या आसपास चालते ती यासाठीच. व्होल्टेज कमी करायचं काम कॅमेरा स्वतःच्या पोटात करतो.

भावाच्या केबलचा रोध दोन जोड्या मिळून साधारण आठ ओहम भरत होता. त्यातून १२ व्होल्टने पलीकडे जास्तीत जास्त साडेचार वॅटच्या आत वीज पोचू शकते. कॅमेरा कितीही चांगल्या कंपनीचा आणा, सहा वॅट पोचणार नाहीत. त्याच केबलला पीओई स्विच लावल्यावर घट जेमतेम एक व्होल्टाची झाली. कॅमेऱ्यात पीओईची सोय पहिल्यापासून होती. बसवणाऱ्याने ती वापरली नव्हती, कारण साधा स्विच आणि अ‍ॅडॉप्टर स्वस्तात पडले.

गैरसमज : तारेला तांब्याचा रंग आहे, म्हणजे तांबंच आहे.

त्या केबलचा रोध मापापेक्षा जास्त का भरला, हे मी नंतर टोक ब्लेडने खरवडून पाहिलं. वरून तांबूस, आत चंदेरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास वीज वाहून नेतं, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या सीसीए तारेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. शिवाय ती ठिसूळ. जॅक क्रिंप करताना, वाकवताना तुटते. नेटवर्क केबलच्या मानकांत ती बसतच नाही, त्यामुळे तिच्यावर ‘कॅट ६’ छापणंच मुळात चूक आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर भावाच्या शेतात तीच केबल पीओईवर आजही चालते आहे. अंतर कमी, कॅमेरा लहान. पण त्याच केबलवर ९० मीटरला गोल फिरणारा, पंचवीस वॅट खाणारा कॅमेरा लावला असता तर केबलमध्येच चार-पाच वॅटची ऊब निघाली असती आणि कॅमेरा मान वळवताना बंद पडला असता. ‘माझ्याकडे तर चालते’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. त्यांची गरज लहान असते.

उलटही एक गोष्ट आहे. तार वरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत लाल निघाली तर ते कथिलाचा मुलामा दिलेलं खरं तांबं आहे. ते खुशाल घ्या.

गैरसमज : स्विचवर १५.४ वॅट लिहिलंय, म्हणजे कॅमेऱ्याला तेवढे मिळतात.

२००३च्या मानकात पोर्टवर १५.४ वॅट आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅट धरले आहेत. मधले केबल खाते, हे गृहीतच आहे. २००९च्या पुढच्या मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. आणखी एक मेख : आठ पोर्टच्या स्विचची एकूण ताकद ६० वॅट असेल तर आठही पोर्टवर १५ वॅट मिळणार नाहीत. दिवसा सगळे कॅमेरे चालतात, रात्री सगळ्यांचे दिवे एकदम लागले की स्विच एखादा पोर्ट सोडून देतो.

गैरसमज : पीओईच्या पोर्टला साधं उपकरण लावलं तर जळतं.

मानकाप्रमाणे बनलेला स्विच आधी पलीकडे ठराविक रोधाची खूण शोधतो आणि ती सापडली तरच वीज सोडतो. जाळतात ते न विचारता वीज ढकलणारे स्वस्त इंजेक्टर.

गैरसमज : १०० मीटरच्या पुढे काही करता येत नाही.

भावाच्या बागेचं फाटक घरापासून १८० मीटरवर आहे. तिथे तीन वाटा होत्या. पहिली, कॅमेऱ्यांसाठीच्या पुष्कळ पीओई स्विचांवर असतं ते ‘एक्स्टेंड’चं बटण. ते दाबलं की पोर्टचा वेग १० मेगाबिटवर येतो आणि बनवणारे २५० मीटरपर्यंतचा दावा करतात. एका कॅमेऱ्याला १० मेगाबिट पुरतात, पण ते अंतर शुद्ध तांब्याची केबल धरून सांगितलेलं असतं. दुसरी वाट मध्ये पीओई एक्स्टेंडर बसवायची. त्याला वेगळी वीज लागत नाही, पण तो स्वतः थोडी खातो, म्हणून मागचा पोर्ट ३० वॅटचा असावा. आणि बांधावर उन्हापावसात टिकेल अशा डब्यात तो ठेवावा लागतो.

आम्ही तिसरी वाट घेतली : फायबर. काचेच्या तंतूतून वीज जात नाही, त्यामुळे फाटकापाशी विजेची सोय वेगळी करावी लागते. आमच्याकडे तिथे ठिबकच्या कंट्रोलरसाठी आधीच लाइन होती. फायबरच्या बाजूने माझा कौल गेला तो अंतरापेक्षा वळवाच्या पावसामुळे. उघड्या रानात जवळपास वीज पडली की लांब तांब्याची तार तो झटका घरापर्यंत आणते, मग कॅमेऱ्यासोबत स्विच आणि रेकॉर्डरही जातो. धातूचा भाग नसलेल्या फायबरमधून तो येत नाही.

केबलच्या कवचाबद्दल एवढंच : घरातली राखाडी पीव्हीसी केबल रानात उन्हाने तडकते. बाहेरसाठी काळ्या पॉलिथिन कवचाची घ्या, जमिनीखालून न्यायची तर आत जेल भरलेली.

गैरसमज : खरं-खोटं तांबं ओळखायला लॅब लागते.

ब्लेड पुरतं. लोहचुंबक उपयोगाचं नाही. अ‍ॅल्युमिनियमही त्याला चिकटत नाही. टाकलेली केबल तपासायची तर एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने रोध मोजा. शंभर मीटरला १९ ओहमच्या आत आला तर ठीक, २५च्या पुढे गेला तर समजून जा. भावाच्या ६० मीटरलाच १६ आला होता.

अंतर ठाऊक नसेल तर कवचावर दर मीटरला छापलेले आकडे दोन्ही टोकांना वाचा आणि वजाबाकी करा.

आणि केबल अजून घ्यायचीच असेल तर आणखी सोपं आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आठ तारा, ३०५ मीटर, हा हिशेब केला तर कॅट ५ईच्या पेटीत नुसतं तांबंच साधारण साडेचार किलो भरतं. कवच आणि खोका वेगळे. पैसे देण्याआधी पेटी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. काटा पाच किलोच्या आत थांबला तर ती तिथेच सोडून या.